स्प्रिंगफील्डचे लिंकन निवास : भेटीपूर्वी जाणून घेण्याजोगे

अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या मालकीचे आयुष्यभरात एकच घर होते. इलिनॉय राज्याची राजधानी असलेल्या स्प्रिंगफील्ड शहरात, आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या चौकात ते आजही उभे आहे. १८४४ पासून १८६१ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, लिंकन कुटुंब या घरात राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात असलेली ही वास्तू आणि तिच्याभोवतीचा परिसर ‘लिंकन होम राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ या नावाने जतन करण्यात आला आहे.

मुलांकडे अमेरिकेत जाणारे आईवडील, शिक्षणासाठी तेथे असलेले विद्यार्थी किंवा कामानिमित्त शिकागोला गेलेले भारतीय यांच्यासाठी स्प्रिंगफील्ड हे एका दिवसात पाहून होण्यासारखे ठिकाण आहे. तथापि, हे घर आतून पाहण्यास जेमतेम अर्धा तास लागतो आणि पूर्वतयारीविना गेलेला पर्यटक जुन्या खुर्च्या आणि भिंतीवरचा कागद पाहून बाहेर पडतो. घरातील कोणती वस्तू अस्सल आहे, कोणती नंतर तयार केलेली आहे आणि कोणती गोष्ट तेथे मुळात नव्हतीच, हे आधी ठाऊक असेल तर तोच अर्धा तास सार्थकी लागतो.

घर आणि त्याचा मालक

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात लाकडी ओंडक्यांच्या खोपटात झाला. लहानपण इंडियानात गेले आणि १८३० मध्ये कुटुंब इलिनॉयमध्ये आले. एप्रिल १८३७ मध्ये तरुण वकील म्हणून लिंकन स्प्रिंगफील्डला दाखल झाले, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते. ४ नोव्हेंबर १८४२ रोजी मेरी टॉड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य आधी एका खाणावळवजा निवासगृहात राहिले. थोरला मुलगा रॉबर्ट याचा जन्म तेथेच १८४३ मध्ये झाला.

ज्या धर्मोपदेशकाने त्यांचा विवाह लावला होता, त्या चार्ल्स ड्रेसर यांच्याकडूनच लिंकन यांनी १८४४ मध्ये हे घर विकत घेतले. व्यवहार १५०० डॉलरचा होता. त्यापैकी १२०० डॉलर रोख देण्यात आले आणि उरलेल्या ३०० डॉलरच्या बदल्यात लिंकन यांनी आपल्या मालकीचा एक भूखंड दिला. १८३९ मध्ये बांधलेले हे घर त्या वेळी दीड मजली होते. कुटुंब वाढत गेले आणि वकिलीतही जम बसला, तेव्हा १८५६ मध्ये वरचा मजला पूर्ण उंचीचा करण्यात आला. आज पर्यटकांना दिसते ते त्यानंतरचे, फिकट तपकिरी भिंतींचे आणि हिरव्या झडपांच्या खिडक्यांचे दुमजली घर आहे.

लिंकन दांपत्याच्या चार मुलांपैकी एडवर्ड, विल्यम आणि थॉमस या तिघांचा जन्म या घरात राहत असतानाच झाला. एडवर्डचा मृत्यूही येथेच झाला. १ फेब्रुवारी १८५० रोजी तो गेला, तेव्हा त्याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. लिंकन स्वतः वर्षातून दोनदा कित्येक आठवडे फिरत्या न्यायालयाबरोबर गावोगावी असत आणि घराचा कारभार मेरी यांच्या हाती असे. आयरिश मोलकरणी तसेच मरियाह व्हान्स ही कृष्णवर्णीय महिला या घरी कामाला होत्या. राष्ट्राध्यक्षपदाशी या घराचा थेट संबंध येतो तो अखेरच्या काही महिन्यांत. १८ मे १८६० रोजी शिकागो येथील अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाने लिंकन यांना उमेदवारी दिली आणि दुसऱ्या दिवशी पक्षाचे शिष्टमंडळ ती अधिकृतपणे कळविण्यासाठी याच घराच्या दिवाणखान्यात आले.

‘सुस्थितीत आणि विनामूल्य’

६ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन दांपत्याने या घरात शहरवासीयांना निरोपाचा स्वागतसमारंभ दिला. त्यानंतर बरेचसे सामान विकण्यात आले, घर भाड्याने देण्यात आले आणि ११ फेब्रुवारी रोजी लिंकन रेल्वेने वॉशिंग्टनकडे निघाले. ते जिवंतपणी स्प्रिंगफील्डला परतले नाहीत. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधील नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. ४ मे १८६५ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये दफनविधी झाला, त्या वेळी हे घर काळ्या वस्त्रांनी झाकण्यात आले होते.

पुढील दोन दशके घरात निरनिराळे भाडेकरू राहिले. त्यांपैकी ऑसबर्न ओल्डरॉइड हे लिंकन यांच्याशी संबंधित वस्तूंचे संग्राहक होते. १८८३ मध्ये ते येथे राहावयास आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी दिवाणखान्यात आपला संग्रह मांडून लोकांना तो दाखविण्यास सुरुवात केली. घरमालक असलेल्या रॉबर्ट लिंकन यांचे भाडे मात्र थकत गेले. अखेर १८८७ मध्ये रॉबर्ट यांनी ही वास्तू इलिनॉय राज्याला दान केली. दानपत्रात त्यांनी अट घातली, ती अशी की, घर कायम सुस्थितीत ठेवावे आणि लोकांना ते पाहण्यासाठी पैसे पडू नयेत. राज्याने ओल्डरॉइड यांनाच पहिले रखवालदार नेमले.

ही अट आजही पाळली जाते. १९७१ मध्ये केंद्रीय कायद्याद्वारे हे स्थळ राष्ट्रीय करण्यास मंजुरी मिळाली आणि १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने त्याची व्यवस्था हाती घेतली, तरी प्रवेश विनामूल्यच राहिला. अमेरिकेतील अनेक माजी राष्ट्राध्यक्षांची घरे खासगी विश्वस्त संस्थांकडे असून तेथे प्रवेशशुल्क भरावे लागते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन आणि थॉमस जेफरसन यांचे मॉन्टिसेलो ही त्याची ठळक उदाहरणे होत. ही दोन्ही निवासस्थाने शेकडो गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या शेतजमिनींची केंद्रे होती. त्यांच्या तुलनेत लिंकन यांचे घर म्हणजे एका मध्यमवर्गीय वकिलाचे शहरातील राहते घर आहे आणि ते पाहताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अस्सल काय आणि पुनर्रचित काय

जतन केलेल्या घरात शिरल्यावर सर्व काही जसेच्या तसे राहिले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १८६१ मध्ये लिंकन यांनी विकलेले काही सामान त्यांचे भाडेकरू, रेल्वे कंपनीचे अधिकारी असलेले टिल्टन यांनी घेतले होते. टिल्टन नंतर शिकागोला गेले आणि १८७१ च्या भीषण आगीत ते सामान नष्ट झाले. आज घरात लिंकन कुटुंबाच्या काही अस्सल वस्तू आहेत, काही त्या काळातील परंतु इतरांच्या घरच्या आहेत आणि काही नव्याने तयार केलेल्या प्रतिकृती आहेत.

या मांडणीमागे पुरावा आहे. ‘फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर’ या साप्ताहिकाने मार्च १८६१ मध्ये घराच्या आतील भागाची रेखाचित्रे प्रसिद्ध केली होती. दिवाणखान्यात खुर्च्या, टेबले आणि शोभेच्या वस्तू कोठे होत्या, हे त्यांवरून ठरविता आले. १९८७-८८ मध्ये घराची व्यापक दुरुस्ती करण्यात आली आणि जून १८८८ नव्हे तर जून १९८८ मध्ये, म्हणजे दानपत्रानंतर एका शतकाने, ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. शयनगृहातील भडक नक्षीचा भिंतीवरचा कागद आजच्या नजरेला विचित्र वाटतो. परंतु तो मूळ कागदाच्या उपलब्ध नमुन्यावरून पुन्हा तयार करण्यात आला आहे.

पर्यटकांनी तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे लिंकन यांच्या शयनगृहातील लहानसे लिहिण्याचे टेबल. दुसरी म्हणजे स्वयंपाकघरातील लोखंडी चूल. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षात या घरात नवी चूल घेतली गेली, यावरून त्या कुटुंबाचे राहणीमान आणि त्यांचे तोवरचे बेत या दोहोंची कल्पना येते. तिसरी म्हणजे जिन्याचा लाकडी कठडा. घरातील बहुतेक वस्तूंना हात लावण्यास मनाई असते, मात्र वर चढताना आधारासाठी या कठड्यावर हात ठेवावाच लागतो. तो लिंकन यांच्या काळातील आहे.

वरच्या मजल्यावर लिंकन आणि मेरी यांची एकमेकांना लागून असलेली परंतु स्वतंत्र शयनगृहे, मुलांची खोली, पाहुण्यांची खोली आणि मोलकरणीची खोली आहे. मोलकरणीची खोली लहान आणि साधी आहे. तीच घराच्या दैनंदिन व्यवहाराविषयी सर्वांत अधिक सांगते. या घरात नळाचे पाणी नव्हते. शौचकूप मागील अंगणात होता. पाणी भरणे, सरपण आणणे, चूल पेटविणे आणि चार मुलांचे कपडे धुणे ही कामे कोणी ना कोणी तरी हातांनीच करीत होते.

हेडमास्तरांचे पत्र

मराठी पर्यटकाच्या मनात लिंकन यांचे नाव निघताच एक पत्र येते. आपल्या मुलाच्या शिक्षणाविषयी लिंकन यांनी मुख्याध्यापकांना लिहिले असे मानले जाणारे हे पत्र कविवर्य वसंत बापट यांच्या काव्यमय मराठी रूपामुळे घरोघरी पोहोचले. महाराष्ट्रातील कित्येक शाळांच्या भिंतींवर ते लावलेले असते. या घरात त्या पत्राची मूळ प्रत पाहावयास मिळेल, अशी अपेक्षा घेऊन जाणाऱ्यांची मात्र निराशा होईल.

असे पत्र लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा उपलब्ध नाही. लिंकन यांची भाषणे, पत्रे आणि टिपणे एकत्र करून १९५३ पासून अनेक खंडांत प्रसिद्ध झालेल्या प्रमाण संग्रहात ते नाही. त्यातील मजकुराची भाषा आणि विचारही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापेक्षा बऱ्याच नंतरच्या काळाचे वाटतात. बापट यांच्या काव्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ते मराठीतील एक लोकप्रिय काव्य म्हणून वाचावे, लिंकन यांचा दस्तऐवज म्हणून नव्हे, इतकाच याचा अर्थ.

विशेष म्हणजे, शिक्षणात आलेल्या अपयशाविषयी लिंकन यांनी लिहिलेले एक अस्सल पत्र अस्तित्वात आहे आणि ते स्प्रिंगफील्डहूनच पाठविलेले आहे. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता. एक वर्ष दुसऱ्या शाळेत तयारी केल्यानंतर १८६० मध्ये त्याला प्रवेश मिळाला. त्याचा मित्र जॉर्ज लेथम याला मात्र प्रवेश नाकारण्यात आला. हे कळल्यावर २२ जुलै १८६० रोजी, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या लिंकन यांनी त्या मुलाला पत्र लिहून धीर दिला. एकदा प्रयत्नाला सुरुवात केली आहे, तर मागे न हटता तो तडीस नेण्याचा निश्चय करावा आणि एका अपयशाने खचू नये, असा त्या पत्राचा आशय आहे. ऐन निवडणुकीच्या धामधुमीत मुलाच्या मित्रासाठी वेळ काढणारा हा गृहस्थ समजून घ्यावयाचा असेल, तर हे पत्र भेटीपूर्वी जरूर वाचावे.

घराभोवतीचे चार चौक

राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळात केवळ लिंकन यांचे घर नाही. भोवतालच्या चार चौकांचा सुमारे बारा एकरांचा परिसर त्यात समाविष्ट आहे. येथील रस्त्यांवर मोटारींना बंदी असून पादचाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांचे पदपथ करण्यात आले आहेत. लिंकन यांच्या काळातील शेजाऱ्यांची अनेक घरे बाहेरून पूर्ववत करण्यात आली आहेत. त्यांपैकी डीन आणि आर्नोल्ड यांच्या घरांत प्रदर्शने मांडण्यात आली आहेत. परिसरात फिरण्यासाठी प्रवेशिकेची आवश्यकता नसते.

याच परिसरात, लिंकन यांच्या घरापासून काही पावलांवर, एक मोकळा भूखंड आहे. तेथे जेम्सन जेंकिन्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिकाचे घर होते. ते आज अस्तित्वात नाही. जेंकिन्स हा गाडीवान होता. गुलामगिरीतून पळून आलेल्यांना उत्तरेकडे जाण्यास गुप्तपणे मदत करणाऱ्या लोकांच्या जाळ्याशी त्याचे नाव जोडले जाते. ११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन यांना रेल्वे स्थानकावर त्यानेच आपल्या गाडीतून पोहोचविले, असे सांगितले जाते.

इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले राज्य होते. तरीही राज्याबाहेरील कृष्णवर्णीयांनी तेथे येऊन स्थायिक होण्यास बंदी घालणारा कायदा या राज्याने १८५३ मध्ये केला आणि तो १८६५ पर्यंत अमलात होता. म्हणजे पुढे गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणारा नेता आणि जेंकिन्स हे एकाच रस्त्यावर राहत होते, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते समान नागरिक नव्हते. बहुतेक पर्यटक मोकळ्या भूखंडापुढे थांबत नाहीत. भेटीचे नियोजन करताना पाच मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत.

प्रवेशिका आणि वेळ

घर आतून पाहण्यासाठी प्रवेशिका घ्यावी लागते. ती विनामूल्य असते आणि सातव्या रस्त्यावरील माहिती केंद्रात मिळते. प्रवेशिकेवर ठरावीक वेळ दिलेली असते. त्या वेळी उद्यान सेवेचे मार्गदर्शक लहान गटाला घरात घेऊन जातात. मार्गदर्शकाशिवाय आत जाता येत नाही. ही फेरी साधारणतः वीस ते पंचवीस मिनिटांची असते. व्यक्तिगत पर्यटकांना त्याच दिवशी, येणाऱ्यांच्या क्रमाने प्रवेशिका देण्याची पद्धत असल्यामुळे उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोहोचणे श्रेयस्कर ठरते. मोठ्या गटांनी आधी नोंदणी करावी.

प्रवेशिका मिळाल्यानंतर मध्ये वेळ उरल्यास माहिती केंद्रातील लघुपट पाहावा आणि शेजारची घरे फिरून यावीत. घर पाहण्यापूर्वी परिसर पाहिला, तर मार्गदर्शकाचे निवेदन अधिक चांगले समजते. मार्गदर्शकाला प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. ‘या खोलीतील अस्सल वस्तू कोणती?’ हा प्रश्न प्रत्येक खोलीत विचारण्यासारखा आहे.

ज्येष्ठ नागरिकांनी ध्यानात ठेवण्याची बाब म्हणजे वरच्या मजल्यावर जाण्यासाठी जिना चढावा लागतो. गुडघेदुखीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी उपलब्ध सोयींविषयी माहिती केंद्रात आधीच चौकशी करावी. मोठ्या पिशव्या आणि बाबागाडी घरात नेता येणार नाही, हे गृहीत धरून निघावे.

थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशी स्थळ बंद असते. याशिवाय दुरुस्तीच्या कामासाठी घराचा काही भाग किंवा संपूर्ण घर बंद ठेवले जाऊ शकते. अर्थसंकल्पाला वेळेवर मंजुरी न मिळाल्याने अमेरिकी केंद्र सरकारचे कामकाज थांबते, तेव्हाही राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थळे बंद पडतात. २०१३ मध्ये असे घडले होते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहून घेणे अत्यावश्यक आहे.

कसे आणि केव्हा जावे

शिकागोपासून स्प्रिंगफील्ड सुमारे ३२० किलोमीटरवर, तर सेंट लुईसपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. दोन्ही शहरांना जोडणारा ५५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग स्प्रिंगफील्डवरून जातो. स्वतःची मोटार नसलेल्यांसाठी अ‍ॅमट्रॅक कंपनीची रेल्वेसेवा सोयीची असून या मार्गावरील गाडीलाही लिंकन यांचेच नाव देण्यात आले आहे. शिकागोहून रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. सकाळी निघून रात्री परतणे शक्य असले, तरी गाड्यांच्या वेळा पाहूनच बेत आखावा.

इलिनॉयमधील हिवाळा कडक असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तापमान शून्याखाली जाते आणि बर्फ पडल्यास लाकडी पदपथ निसरडे होतात. मात्र या दिवसांत गर्दी कमी असते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो. भारतातून जाणाऱ्यांसाठी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत सुखावह होत. १२ फेब्रुवारी या लिंकन जयंतीच्या दिवशी शहरात विशेष कार्यक्रम होतात.

उरलेल्या दिवसाचा क्रम

लिंकन यांच्याशी संबंधित इतर स्थळे शहरात जवळजवळ असल्याने घर पाहून झाल्यावर उरलेला दिवस त्यांच्यासाठी देता येतो. सहावा रस्ता आणि अ‍ॅडम्स रस्ता यांच्या कोपऱ्यावर लिंकन आणि त्यांचे भागीदार विल्यम हर्न्डन यांच्या वकिली कार्यालयाची इमारत आहे. तिच्यासमोर जुने राज्य विधानभवन आहे. १६ जून १८५८ रोजी लिंकन यांनी दुभंगलेल्या घराचा दृष्टांत देऊन केलेले विख्यात भाषण येथेच झाले आणि १८६५ मध्ये त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी येथेच ठेवण्यात आले. १९६० च्या दशकात ही इमारत दगड दगड उतरवून पुन्हा बांधण्यात आली, हेही पाहताना लक्षात ठेवावे. १० फेब्रुवारी २००७ रोजी बराक ओबामा यांनी राष्ट्राध्यक्षपदाची आपली उमेदवारी या विधानभवनासमोरूनच जाहीर केली होती.

विधानभवनापासून जवळ असलेले अब्राहम लिंकन प्रेसिडेन्शियल लायब्ररी अँड म्युझियम हे संग्रहालय २००५ मध्ये सुरू झाले. तेथे प्रवेशशुल्क आकारले जाते आणि किमान दोन तास लागतात. सोबत लहान मुले असल्यास हे संग्रहालय त्यांना अधिक आवडेल. शहराच्या उत्तर भागातील ओक रिज दफनभूमीत लिंकन यांची समाधी आहे. मेरी आणि एडवर्ड, विल्यम व थॉमस हे तीन मुलगे तेथेच चिरनिद्रा घेत आहेत. घर राज्याला देणारे रॉबर्ट मात्र वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन येथे आहेत. दुसरा दिवस हाताशी असल्यास सुमारे तीस किलोमीटरवरील न्यू सेलम हे पुनर्रचित खेडे पाहता येते. लिंकन तरुणपणी सहा वर्षे तेथे राहिले होते.

या क्रमात आणखी एका स्थळाचा समावेश करावा. ऑगस्ट १९०८ मध्ये, लिंकन यांची जन्मशताब्दी सहा महिन्यांवर आली असताना, त्यांच्याच शहरात श्वेतवर्णीय जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ला केला. घरे आणि दुकाने जाळण्यात आली. दोन कृष्णवर्णीय नागरिकांची जमावाने निर्घृण हत्या केली. या घटनेने देश हादरला आणि १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, शताब्दीच्याच दिवशी, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभारण्याचे आवाहन करण्यात आले. त्यातूनच ‘एनएएसीपी’ ही संघटना जन्मास आली. २०१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामासाठी उत्खनन करताना जळालेल्या घरांचे पाये सापडले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. एकाच शहरात एक घर दानपत्रामुळे सुरक्षित राहिले आणि दुसऱ्या घरांचे केवळ पाये मातीखाली उरले. दोन्ही पाहिल्याशिवाय स्प्रिंगफील्डची भेट पूर्ण होत नाही.

महाराष्ट्राशी असलेला दुवा

लिंकन आणि महाराष्ट्र यांच्यातील खरा दुवा शाळेच्या भिंतीवरील पत्राहून जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. कृष्णवर्णीयांना गुलामगिरीतून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाला आहे. लिंकन यांच्या हत्येला तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यातील एका विचारवंताने आपल्या समाजातील शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी तो आदर्श समोर ठेवला होता.

स्प्रिंगफील्डला जाणाऱ्या मराठी पर्यटकाने सामानात ‘गुलामगिरी’ची प्रत ठेवल्यास ती उपयोगी पडेल. प्रवेशिकेवरील वेळ होईपर्यंत माहिती केंद्रात किंवा जेंकिन्स यांच्या मोकळ्या भूखंडाजवळ ती अर्पणपत्रिका वाचता येईल. भेटीचा दिवस निश्चित झाल्यावर घर खुले असल्याची खात्री करून घ्यावी, सकाळी पहिल्या तासात प्रवेशिका घ्यावी आणि परिसर, घर, विधानभवन, संग्रहालय, १९०८ चे स्मारक व समाधी या क्रमाने दिवस आखावा. घराच्या प्रवेशासाठी पैसे मोजावे लागणार नाहीत. ती सोय १८८७ मधील एका मुलाच्या अटीमुळे आजवर टिकून आहे.